जन्मानंतर मिटणारे जनुक आणि आपले विद्यापीठ

आईच्या पोटातल्या बाळाचे रक्त आणि जन्मानंतरचे रक्त एकसारखे नसते. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पीतक पिशवीत पहिल्या तांबड्या पेशी तयार होतात. दोन महिन्यांच्या सुमारास हे काम यकृताकडे जाते आणि पेशींतले हिमोग्लोबिनही बदलते. आता गॅमा नावाच्या साखळ्या असलेले गर्भ-हिमोग्लोबिन तयार होऊ लागते. ते ऑक्सिजन अधिक घट्ट धरते, आणि वारेच्या पलीकडून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा तर अशी पकड लागतेच. पुढे रक्त तयार करण्याची जबाबदारी हाडांतल्या मज्जेवर येते. जन्माच्या आगेमागे गॅमाची जनुके मिटू लागतात आणि शेजारचे बीटा जनुक जोमाने कामाला लागते. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात निम्म्याहून कितीतरी जास्त हिमोग्लोबिन गर्भातले असते. धडधाकट मोठ्या माणसात ते जेमतेम एक टक्का उरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा बदल लवकर होईल असे वाटेल, पण तसे होत नाही. बाळ आधी बाहेर आले तरी त्याचे रक्त गर्भधारणेपासूनचे दिवस मोजते आणि ठरल्या वेळीच बदलते. बाहेरच्या हवेशी, पहिल्या श्वासाशी या बदलाचा फारसा संबंध नाही. त्याचा हिशेब पेशीच्या आतच लिहिलेला आहे.

तो कुठे आणि कसा लिहिलेला आहे, हा गेल्या अर्धशतकातल्या जनुकशास्त्राचा एक मोठा प्रश्न. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत बसलेली आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. ज्या क्रमाने ती ओळीत आहेत, साधारण त्याच क्रमाने आयुष्यात उघडतात. ओळीच्या बऱ्याच अलीकडे डीएनएचा एक तुकडा आहे. त्यातून कुठलेही प्रथिन तयार होत नाही, पण डीएनएचा धागा वळून हा तुकडा ज्या जनुकाला जाऊन भिडतो ते जोमाने काम करू लागते. आपल्या साऱ्या डीएनएपैकी प्रथिनांचा मजकूर असलेला भाग दोन टक्क्यांच्याही आतला आहे. त्वचेची पेशी, मेंदूची पेशी आणि तांबड्या रक्तपेशीची जनक पेशी यांतली जनुके तीच असतात. कोणते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, एवढ्यावरून एका फलित पेशीचे माणूस होते. यालाच जनुक-नियमन म्हणतात. असल्या अभ्यासाचा गरीब देशाला उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे विद्यापीठांच्या सभांपासून अर्थसंकल्पाच्या चर्चेपर्यंत सर्रास विचारला जातो. या लेखाचे म्हणणे असे की त्याचा उपयोग महाराष्ट्राला इतरांपेक्षा जास्त आहे आणि मराठवाड्यातल्या विद्यापीठाने या कामापासून दूर राहणे आपल्याला परवडणारे नाही. पुरावा म्हणून सिकलसेलचे एकच उदाहरण पुरेसे आहे.

सिकलसेल हा महाराष्ट्राला परका आजार नाही. नागपूर भागात तो असल्याची नोंद १९५०च्या दशकातच झाली. नंदुरबार-धुळ्याचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोली-चंद्रपूरचे गोंड आणि माडिया, मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातला किनवट-माहूरचा पट्टा, असा त्याचा पसारा आहे. तो केवळ आदिवासींचा आजार, ही समजूतही खरी नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला येणारी खानदेश-विदर्भातली कुटुंबे आपले रक्त सोबत घेऊनच येतात, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या डॉक्टरांनाही हा आजार दूरचा मानून चालणार नाही. बीटा जनुकात एका अक्षराचा फरक होतो, त्यातून प्रथिनाच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, लवकर फुटते. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. अशा बाळाचे पहिले काही महिने नीट जातात. मग सहाव्या महिन्यानंतर केव्हातरी हातापायांची बोटे सुजतात, बाळ कळवळून रडते आणि घरच्यांना काहीच उमगत नाही. पुढे हाडे पिळवटणाऱ्या वेदनांचे झटके, वारंवार रक्त चढवणे, जंतुसंसर्ग, कोवळ्या वयातला पक्षाघात. ज्यांनी असा झटका पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगावे लागत नाही.

पहिले सहा महिने नीट का जातात? या साध्या प्रश्नाच्या पोटात सगळे उत्तर होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ महिलेने नवजात बाळांचे रक्त तपासून दाखवले की आजार असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशीही सुरुवातीला फारशा वाकड्या होत नाहीत, आणि याचे कारण त्यांच्यातले गर्भ-हिमोग्लोबिन असावे असे सुचवले. सिकलसेलचा संबंध हिमोग्लोबिनच्या रेणूशी आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले ते पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये. म्हणजे उपचाराचा धागा आजाराच्या कारणाच्याही आधी हाती आला होता. निसर्गाने प्रत्येक रुग्णाला जन्मतः औषध दिलेले असते, ते वर्षभरात बंद होते. ते बंद होऊ दिले नाही तर? हा प्रश्न विचारायला सोपा, पण गर्भात जनुक कसे मिटते हे कळल्याशिवाय त्याला हात घालता येत नव्हता. दरम्यान कर्करोगावरच्या हायड्रॉक्सियुरिया या जुन्या, स्वस्त औषधाने गर्भ-हिमोग्लोबिन थोडे वाढते असे दिसले, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्यामुळे वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर येतात हे दाखवून दिले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी मुलांना हे औषध किलोमागे दहा मिलिग्रॅम अशा कमी आणि ठरावीक मात्रेत देऊन त्याचा चांगला परिणाम होतो हे दाखवले. जिथे वारंवार रक्ततपासणी करून मात्रा कमीजास्त करणे शक्य नाही अशा ग्रामीण भागासाठी हे काम फार मोलाचे आहे. आज गावपातळीवर सिकलसेलच्या रुग्णाला जो आधार मिळतो, तोही गर्भातल्या त्या जनुकाची कवाडे थोडी किलकिली करूनच मिळतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

पण जनुक मिटवते कोण? हा शोध ज्या वाटेने लागला ती वाट मराठवाड्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. काही निरोगी माणसांत गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते. ब्रिटनमधल्या संशोधक स्वी ले थाईन यांनी अशा एका मोठ्या कुटुंबाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९०च्या दशकात सहाव्या गुणसूत्रावर या गुणाचा एक ठाव लावला. ते कुटुंब भारतीय वंशाचे होते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर थॅलेसेमियाचे प्रमाण मोठे. तिथल्या लानुसेई खोऱ्यातल्या गावांमध्ये चार हजारांहून अधिक लोकांचे रक्त आणि डीएनए तपासले गेले, आणि २००८ मध्ये त्यातून बीसीएल-११ए या जनुकाकडे बोट दाखवले गेले. थाईन यांच्या चमूलाही हाच दुवा थोडा आधी सापडला होता. हे जनुक तोवर ओळखले जात होते ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या संदर्भात. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकाने दाखवले की या जनुकाचे प्रथिन कमी केले की गॅमा जनुक पुन्हा जागे होते. गर्भातून बाहेर पडताना गॅमाचे कवाड लावून घेणारा हात सापडला होता.

तरीही उपचार तयार नव्हता, आणि इथेच जनुक-नियमनाच्या अभ्यासाची खरी किंमत कळते. बीसीएल-११ए पूर्ण काढून टाकावे तर ते मेंदूच्या वाढीला आणि प्रतिकारपेशी घडायला लागते. हे जनुक नसलेले उंदीर जन्मल्यावर लगेच मरतात. ज्या मुलांत त्याची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते त्यांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असते खरे, पण त्यांची बौद्धिक वाढ मागे राहते. कुठलेही जनुक कुठे आणि किती काम करील हे त्याच्या आसपासचे छोटे नियंत्रक तुकडे ठरवतात, ऊतीगणिक वेगळे. २०१३ मध्ये डॅनियल बॉवर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांना बीसीएल-११एच्या पोटातच, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात, असा एक तुकडा सापडला की तो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात हे जनुक चालवतो. तेवढा तुकडा मोडला की मेंदूला धक्का लागत नाही, प्रतिकारपेशींना लागत नाही, आणि रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन परत येते. सार्डिनियासारख्या पाहण्यांतून जे छोटे फरक हाती आले होते, तेही याच तुकड्यात बसलेले निघाले. ज्या डीएनएला एके काळी अडगळ म्हणून हिणवले गेले, त्याच्या काही अक्षरांत हजारो मुलांचे आयुष्य अडकलेले होते.

पुढची गोष्ट वर्तमानपत्रांतून बरीच आली आहे, म्हणून थोडक्यात. २०१२ मध्ये क्रिस्पर हे डीएनए कापण्याचे साधन हाती आले. त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून, त्यांतला तो एक तुकडा कापून, पेशी पुन्हा शरीरात सोडायच्या, असा उपचार तयार झाला. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. अमेरिकेत किंमत ठरली २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी तीव्र केमोथेरपी, रुग्णालयात आठवडेच्या आठवडे मुक्काम, पुढे मूल होण्याची शक्यता कमी होण्याचा धोका. किनवटच्या एखाद्या मजुराच्या मुलीपर्यंत हे आज पोहोचणार नाही, हे उघड आहे.

इथे पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप येतो. ज्या गावांत हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळत नाहीत, तिथे गर्भातल्या जनुकांच्या अभ्यासावर पैसा कशाला? आधी तपासणी, आधी गोळ्या, आधी रक्तपेढी. या क्रमाबद्दल दुमत असायचे कारण नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन हे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर गोळ्या आणि समुपदेशन मिळाले नाही तर हातात नुसते तपासणीचे कार्ड देण्याला अर्थ नाही. पण गोळ्या आणि संशोधन एकाच थाळीतून वाढले जात नाहीत. देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यातला जनुक-नियमनाचा वाटा काढून घेतला तर किनवटच्या आरोग्य केंद्राला एकही जादा गोळी मिळणार नाही. ती गोळी मिळत नाही याची कारणे वितरणात, रिक्त पदांत आणि अनास्थेत आहेत, आणि त्यांच्याशी लढाई वेगळी लढावी लागेल. शिवाय ज्या गोळीचा आग्रह धरायचा, ती सर्वांना सारखी लागू पडत नाही. कुणात गर्भ-हिमोग्लोबिन चांगले वाढते, कुणात फारसे नाही. का, हे पूर्णपणे कळलेले नाही. त्याचे उत्तर शोधणे हे गरिबाचेच काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक सोयीचा आहे, म्हणून अधिक घातक. विज्ञान जगाचे आहे, बॉस्टनला शोध लागला तो सर्वांनी वापरावा, आपण कशाला पुन्हा तेच करायचे? हा युक्तिवाद दोन ठिकाणी मोडतो. एक तर ज्ञान निबंधातून फुकट मिळते, उपचार फुकट मिळत नाही. पेटंट, कारखाना, प्रशिक्षित हात हे सगळे ज्याच्याकडे, किंमत त्याची. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी क्रिस्परचे वेगळे, स्वतःचे साधन घडवले म्हणूनच बिरसा मुंडा यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘बिरसा १०१’ ही देशी उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर होऊ शकली, आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवता आले. वर्षानुवर्षांच्या मूलभूत कामाशिवाय ही घोषणा झाली नसती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपला सिकलसेल आफ्रिकेतल्यासारखा नाही. भारतातल्या रुग्णांत बहुतेक वेळा अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी जनुकीय पार्श्वभूमी असते. तिच्यात गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते आणि त्यामुळे आजार सरासरीने सौम्य असतो. म्हणजे जे करायला बॉस्टनला क्रिस्पर लागले, ते आपल्या काही समाजांत निसर्गाने काही अंशी आधीच करून ठेवले आहे. पण सर्वांत सारखे नाही. विदर्भातले कितीतरी रुग्ण याच पार्श्वभूमीचे असूनही गंभीर आजारी असतात. एकाच गावात, कधी एकाच घरात, एकाला महिन्याला झटका तर दुसऱ्याला वर्षात एकही नाही. हा फरक कुठे बसला आहे? बीसीएल-११एमध्ये, सहाव्या गुणसूत्रावर, की अजून कुणाला ठाऊक नसलेल्या एखाद्या तुकड्यात? हे बॉस्टनला बसून कळणार नाही, कारण ती माणसे इथे आहेत. सार्डिनियाचे खोरे काही श्रीमंत नव्हते. तिथल्या लोकांचे रक्त चिकाटीने, पिढ्यांच्या नोंदींसह, त्यांच्या संमतीने तपासले गेले, म्हणून जगाला वाट सापडली. मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरच्या पट्ट्यात तेवढीच संधी आहे, आणि गरज त्याहून मोठी.

यासाठी लागणारा सर्वात महत्त्वाचा आकडा आपल्याकडे रोज कागदावर छापून बाहेर पडतो, हे बहुतेकांना माहीत नसेल. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे निदान पक्के करण्यासाठी रक्त एचपीएलसी यंत्रातून काढतात. यंत्र रक्तातली हिमोग्लोबिने वेगळी करते, आलेखावर एकेकाचे शिखर उमटते आणि शेजारी टक्केवारी येते. त्या कागदावर गर्भ-हिमोग्लोबिनची टक्केवारी प्रत्येक वेळी असते. डॉक्टर ती पाहतात, निदान लिहितात, कागद फाइलमध्ये जातो. त्या आकड्याचा निदानापलीकडे क्वचितच उपयोग होतो. वय, औषध, झटक्यांची संख्या, गाव आणि कुटुंब यांच्यासह हे आकडे एकत्र आले तर नव्या संशोधनाचा पाया कमी खर्चात पडेल. मुंबईत परळला आयसीएमआरची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचे एक केंद्र चंद्रपूरला आहे, आणि त्यांनी या आजारावर मोलाचे काम केले आहे. पण मराठवाड्याचा कागद मराठवाड्यात वाचणारा कोणी असायला हवा.

असा माणूस घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला कोंबडीच्या गर्भावर काम केले, १९५८ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुणे विद्यापीठात गर्भविज्ञान शिकवण्याची रीत घालून दिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले की उंदराच्या गर्भात एलएचएक्स-२ हे एक जनुक-नियामक नसेल तर मेंदूच्या बाह्यकाची पेशी आपली ओळखच बदलते. पुण्यात संजीव गलांडे यांनी सॅटबी-१ हे प्रथिन डीएनएचे फेरे कसे लावते आणि त्यातून जनुके कशी चालू-बंद होतात यावर वर्षानुवर्षे काम केले. दोघांनाही शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार एकाच वर्षी, २०१० मध्ये, मिळाला. इतक्या उंचीचे काम या राज्यात होते, आणि तरीही ते मुंबईतल्या कुलाबा आणि पुण्यातल्या पाषाणच्या पलीकडे फारसे सरकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना मुल्हेरकरांच्या त्या निबंधाच्याच वर्षी, १९५८ मध्ये झाली. इथे प्राणिशास्त्र आहे, पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग केंद्र आहे, म्हणजे डीएनए वाचण्याचा सरावही आहे. काही किलोमीटरवर घाटी रुग्णालय आहे, जिथे मराठवाडाभरातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. दोघांचे एकमेकांशी नाते मात्र नाही. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये पारंपरिक विद्यापीठांपासून वेगळी निघाली. प्रशासनाच्या सोयीचा तो निर्णय असेल, पण त्याने रुग्ण एका छताखाली आणि जीवशास्त्रज्ञ दुसऱ्या छताखाली गेले. हे नुकसान गेल्या पंचवीस वर्षांत कुणी मोजलेले नाही.

नैतिकतेचा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. गर्भ आणि जनुक-संपादन हे शब्द एकत्र आले की लोकांना भीती वाटते, आणि तिला कारण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे ज्यानक्वे या संशोधकाने गर्भावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले, जगभर निषेध झाला आणि त्याला तुरुंगवास झाला. ज्या राज्यात सोनोग्राफी यंत्राचा उपयोग मुली मारण्यासाठी झाला, त्या राज्याने तर अधिकच सावध असले पाहिजे. पण सिकलसेलच्या उपचारात गर्भाला कुणी हात लावत नाही. बदल होतो तो रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशींत, आणि तो त्याच्या मुलांत उतरत नाही. गर्भाच्या जनुकांत बदल करून तो वाढवण्याला आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे आणि ती राहिलीच पाहिजे. ही रेघ कुठे आहे हे समाजाला समजावून सांगणारी, आणि कोणी ती ओलांडत असेल तर ओळखणारी माणसे अज्ञानातून तयार होणार नाहीत. खरा धोका वेगळा आहे: आदिवासी पाड्यावरून रक्त घ्यायचे, निबंध लिहायचा, आणि ज्याचे रक्त घेतले त्याला काहीच कळवायचे नाही. असे होऊ नये म्हणून संशोधन करणारी संस्था जवळची हवी, मराठी आणि गोंडी बोलणारी हवी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावात तोंड दाखवावे लागणारी हवी.

मराठवाड्याने पाण्याचे पाहावे, जनुकांचे पुणे-मुंबईने पाहावे, असेही म्हटले जाते. पाण्याचे पाहिलेच पाहिजे. पण दुष्काळी प्रदेशातल्या मुलांनी मूलभूत विज्ञानाकडे वळूच नये असा त्याचा अर्थ निघत असेल, तर तो अर्थ या प्रदेशाने नाकारायला हवा. ज्याच्या नामांतरासाठी इतका मोठा लढा झाला त्या या विद्यापीठाकडून अपेक्षा फक्त पदव्या वाटण्याची नाही. इथला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी पदव्युत्तर प्रात्यक्षिकात अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून कोंबडीच्या गर्भाचे धडधडणारे हृदय पाहू शकतो, आणि तिथेच त्याला विचारता येते: या पेशीला हृदय व्हायचे हे कोणी सांगितले? त्या प्रश्नापासून बीसीएल-११एपर्यंतची वाट सरळ आहे. पुस्तकातल्या आकृतीपाशी ती थांबवू नये.

म्हणून राज्य शासनाला आणि मराठवाडा व आरोग्य विज्ञान या दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंना एक विनंती आहे. मराठवाडा विद्यापीठ, घाटी आणि नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे एक संयुक्त केंद्र उभारावे. त्यात जनुक-नियमनावर काम करणाऱ्या दोन-तीन कायम संशोधकांची पदे भरावीत, एचपीएलसीच्या नोंदी रुग्णांच्या संमतीने एकत्र कराव्यात, आणि प्रत्येक नोंदीमागच्या कुटुंबाला गोळ्या आणि सल्ला मिळण्याची जबाबदारी त्याच केंद्रावर टाकावी. संशोधनाला पैसा मिळवून देण्यासाठी केंद्राने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे केले आहे. प्रस्ताव इथून गेला तर त्याला नकार देणे कठीण जाईल, कारण या आजाराचे रुग्ण आमच्याकडे आहेत. प्रस्ताव मात्र आपणच लिहावा लागेल.